दहापैकी किती

"दहापैकी किती दुखतंय, नागमणीबाई?"
सिव्हिलातली पोर विचारते, कागदावर पेन टेकवून.
मी दहात मोजत नाही, बाई.
मी हजारात मोजते.
पंचवीसची जुडी, चाळीस जुड्यांचे हजार,
त्यातून तपासणारा छाट काढतो ते वेगळं.
माझ्या मानेतही असाच एक बसलाय.
चांगला दिवस उचलतो, बघतो, फेकून देतो.

ती लिहिते : सात.

रांगेत माझ्यापुढे अक्कलकोटची बाई होती,
ती याला नोवु म्हणाली.
माझ्या आईच्या घरी नोप्पी म्हणायचे.
मराठीत मात्र एका नावात भागत नाही.
सकाळी पानं भिजवताना ती रग असते,
कातरी हातात घेतली की कळ,
दुपारी पत्र्याखाली ठणका,
आणि रात्री कूस बदलताना
चमक.

अकरा वर्षं.
एक्स-रेत काही नाही.
फोटोत काही नाही, हे घरी सांगितलं तेव्हा
सगळे खूश झाले.
मी सोडून.

पोर म्हणाली, गुरुवारी वरच्या खोलीत या.
सतरंजीवर आम्ही नऊजणी,
आणि कमरेला पट्टा बांधलेले रिक्षावाले इरण्णा.
डोळे मिटा. टाचेपासून वर या.
जिथं दुखतं तिथं श्वास पाठवा.
मला हसू आलं. श्वास म्हणजे काय टपाल आहे?
माझा तर तंबाखूच्या धुळीनं अर्ध्या वाटेतून परततो.
तरी पाठवला.
टाच, पोटरी, मांडी,
यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.
डावा गुडघा मजेत होता.
मला माहीतच नव्हतं.

मग रंग दिले. म्हणाली, दुखणं काढा.
इरण्णांनी रिक्षा काढली, एक चाक बसलेलं.
मी कोऱ्या कागदाकडे बघत राहिले
आणि कोराच परत दिला.

पुढच्या गुरुवारी माझा कागद घेऊन गेले.
माझा म्हणजे नायनांचा, बारीक चौकटींचा.
चादरीची नक्षी पाडायचे ते.
एकेक चौकट भरत मोर उभा करायचा,
मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याला भोकं.
भोक असेल तिथं दोरा उठतो,
नसेल तिथं दबतो.
माग विकला तेव्हा उरलेली गुंडाळी माळ्यावर गेली होती,
कडा पिवळ्या, मधला कागद अजून कोरा करकरीत.

मी मान काढली नाही.
चौकटी भरत गेले.
कळ लाल, रग तपकिरी,
चमकेला नातवाचा चंदेरी खडू.
जिथं काही दुखत नाही
त्या चौकटी मोकळ्या सोडल्या.
वाटलं होतं त्याहून जास्त निघाल्या.

एका संध्याकाळी बाविसाव्या ओळीवर पेन्सिल थांबली,
तेव्हा लक्षात आलं, तास झाला,
मान आठवली नाही.
आठवली,
आणि लगेच आली,
हाक मारल्यासारखी.

आता पाच जुड्या झाल्या की उठते,
भिंतीला पाठ लावून खांदे सोडते, दहा श्वास.
दिवसाला दीडशे विड्या कमी भरतात.
त्याचे पैसे कोण देणार, मी पोरीला विचारलं.
ती गप्प बसली.
तिच्या कागदावर त्याला रकाना नव्हता.

परवा मागावरचा भास्कर मेरगू दोरा द्यायला आला.
खाटेवर पसरलेला कागद दिसला त्याला.
चष्मा कपाळावर सारून त्यानं बोटानं
ओळी मोजल्या, खालून वर.
मोर आहे का, फूल आहे का, काही विचारलं नाही.
म्हणाला, वहिनी, हे विणलं
तर चादर उजवीकडे ओढली जाईल.

जातेच, मी म्हटलं.

तो दारात गेला,
आणि कागद उजेडाकडे धरून
बराच वेळ बघत राहिला.